थर्टी फर्स्टची टेप

माझा भाऊ वारला ही बातमी नागपुरातल्या आमच्या इंदोऱ्यात माझ्याच तोंडून पोचली, आणि सांगणारी मी होते हे कोणाला कळलंही नाही.

मी ट्रंक एक्स्चेंजला ऑपरेटर, परगावचे फोन जोडून देणारी. वीस वर्षं झाली कानाला हेडफोन लावून. लग्न केलं नाही, आणि काहून नाही केलं ते मला विचारायचं नाही, विचारणाऱ्यांची मी चांगली हजेरी घेतलेली आहे. घरी मी आणि आई, इंदूबाई. घरात फोन नाही. ऑपरेटरच्या घरी फोन नाही म्हणून लोक हसतात, हसू द्या. आमच्यासाठी कोणाचा फोन आलाच तर तो कोपऱ्यावरच्या रूपरावांच्या किराणा दुकानात यायचा, आणि रूपराव कोणाला तरी पिटाळून आईला बोलवायचे.

ब्याऐंशीचा मार्च. दुपारचे अडीच वाजले असतील. बोर्डावर बिलासपूरचा दिवा लागला. तिथल्या ऑपरेटरनं नंबर सांगितला आणि मी ओळखला, रूपरावांचाच. जयवंता, माझा भाऊ, बिलासपूरला लोको शेडमध्ये फिटर होता. मला वाटलं तोच असेल. जोडून दिला आणि ऐकत बसले. ऐकायचं नसतं, पण ऐकतात सगळ्याच.

तो नव्हता. कोणी दुसराच माणूस होता. आणि लाइन इतकी खराब की हा इकडून हॅलो हॅलो ओरडतोय आणि रूपराव तिकडून "कोन बोल्ते? जोरानं बोला!" एकाला दुसऱ्याचं ऐकू येईना. मला मात्र मधात बसून दोघांचं ऐकू येत होतं. अशा वेळी आम्ही मधात बोलतो. याचं ऐकायचं, त्याला सांगायचं. रोजचं काम आहे ते.

मी म्हटलं, "बिलासपूर पार्टी, आप बोलिये, मैं बोल देती हूँ."

तो म्हणाला, "इंदूबाई के घर खबर कर दो. जयवंता गुजर गया. कल दोपहर को, शेड में ही. हार्ट."

मी म्हटलं, "नागपूर पार्टी, ऐका. इंदूबाईंच्या घरी निरोप द्या. जयवंता काल दुपारी वारले. ड्युटीवर. हार्टनं."

"अरे बाप्पा!" रूपराव म्हणाले. "आपला जयवंता?"

मी बिलासपूरला विचारलं, "कौनसा जयवंता, पूछ रहे हैं." तो म्हणाला, "देवराव का लड़का." मी सांगितलं, "देवरावांचा मुलगा." मग विचारलं, "बोलणं झालं?" दोघंही हो म्हणाले. मी कॉर्ड काढली. लगेच अमरावतीचा दिवा लागला, लकडगंजातली एक लाकडाची वखार पाहिजे होती. दिली. सहा वाजेपर्यंत ड्युटी केली आणि एकही नंबर चुकला नाही.

घरी आले तेव्हा दारात ही गर्दी. आई मधात बसून छाती बडवत होती. रूपराव सगळ्यांना सांगत होते, "एक्स्चेंजच्या बाईनं सांगितलं. मोठी खडूस बाई होती गा. देवरावचा पोरगा म्हणे, अन् पटकन फोन ठेवून देल्ला." मी बाजूलाच उभी होते. वीस वर्षं या माणसाकडून मीठ-मिरची आणते, आणि माझा आवाज त्याला ओळखू आला नाही.

दुसऱ्या दिवशी आई आणि मी बिलासपूरला गेलो. तो एकटाच राहायचा. खोलीत एक पेटी, एक खाट, भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो. त्याच्या शेडमधले लोक भले, त्यांनी सगळं नीट केलं. वंदना झाली, विधी झाला. मी सगळ्यांना चहा झाला का विचारत होते. डोळ्यातून टिपूस नाही.

आईनं ते पाहून ठेवलं. महिनाभर बोलली नाही, मग एक दिवस जेवता जेवता फुटलीच. "पोटचा पोरगा गेला माह्या, अन् तू चुपचाप भाकर खाऊन राहिली. दगड आहेस तू, प्रेमिला. दगड."

"मंग काय करू? उपाशी राहू? ड्युटी कोन करन?"

"रड नं वं," आई म्हणाली. "माणसासारखी रड."

आता रडायला काय नळ आहे, सोडला आणि आलं? येत नव्हतं. भूक लागायची, झोप यायची, पगाराच्या दिवशी साबण आणायची आठवण राहायची. आत काही हलत नव्हतं. मला वाटलं, असेल माझा स्वभावच असा. एक्स्चेंजमध्ये तर त्याचं कौतुकच करतात.

जूनमध्ये एक गोष्ट ध्यानात आली आणि तिनं मात्र माझी पाचावर धारण बसली. मला जयवंताचा आवाज आठवेना. त्याचे हात आठवायचे, मनगटावरचा भाजल्याचा डाग आठवायचा, चालताना उजवा खांदा खाली टाकायचा तेही आठवायचं. आवाज नाही. तोंड हलताना दिसे, ऐकू काही येत नसे. आणि मी कोण? सराफ्यातल्या शेठांपासून वर्ध्याच्या कलेक्टर कचेरीपर्यंत दोनशे लोकांना नुसत्या "हॅलो"वरून ओळखणारी. परक्या माणसाला सर्दी झाली तर मला कळते. आणि सख्ख्या भावाचा आवाज गायब!

तेव्हा मला टेपची आठवण झाली.

ते सांगायचं तर आधी बापाचं सांगावं लागेल. माझा बाप देवराव गावात डफडं वाजवायचा. लग्न असो, मयत असो, पोळा असो, बोलावणं आलं की जायचं आणि बाहेर उभं राहून वाजवायचं, उरलंसुरलं पदरात घ्यायचं. छप्पन्न साली दसऱ्याला नागपूरला येऊन त्यानं दीक्षा घेतली, आणि परत गेल्यावर डफड्याचं लाकडी कडं फोडून चुलीत घातलं. त्यावर आईनं डाळ शिजवली. म्हणाला, आता आपल्या घरात कोणी कोणाच्या दारात वाजवणार नाही. मग आम्ही शहरात आलो, तो गिरणीत लागला. मी शिकले. जयवंता रेल्वेत लागला, इथंच अजनीला.

पण त्याचे हात बापाचे होते. ताट असो, टेबल असो, माझी पाठ असो, वाजवत राहायचा. रेल्वेच्या इन्स्टिट्यूटमध्ये लॅझरस मास्तरांचा बँड होता, साहेब लोकांच्या आणि गार्ड-ड्रायव्हर लोकांच्या नाचाला वाजवायचा. हा तिथं ड्रमवर जाऊन बसला. सूट घालून, बो लावून. बापानं त्याच्याशी बोलणं टाकलं. मीही बापाच्या बाजूनं. बापाच्या बाजूनं म्हणजे काय, बापाच्या चार पावलं पुढं.

सहासष्टच्या डिसेंबरात तो एक कार्ड घेऊन आला. थर्टी फर्स्टचा नाच, घरच्यांना आणता येते, तू ये. मी म्हटलं, "बाबानं कडं चुलीत घातलं ते काय तू सुटाबुटात वाजवावं म्हणून?"

"तिथं कोणी जात इचारत नाही वं," तो म्हणाला. "सारे एकाच फरशीवर नाचते."

"इचारत नाही, माहीत असते. वाजवणारा तो वाजवणाराच."

कार्ड मी त्याच्याच खिशात परत कोंबलं. त्यानं ते काढून सरळ केलं आणि निघून गेला. पुढच्या वर्षी बदली मागून बिलासपूरला.

एकाहत्तर साली बाप वारला तेव्हा आला होता दोन दिवस. परत जाताना आईनं मला डबा देऊन स्टेशनवर पाठवलं. गाडी सुटता सुटता खिडकीतून म्हणतो, "त्या थर्टी फर्स्टच्या टेपवर तुले हाक मारली आहे मी. मास्तरपाशी आहे टेप. ऐकजो कधी."

मी काय म्हटलं असेल? "मले वेळ नाही." त्यानंतर तो दोनदा घरी आला. दोन्ही वेळा माझी ड्युटी होती. मागून घेतलेली.

तर आता मला ती टेप पाहिजे होती. गाण्याचं नाव मला माहीत होतं, सगळ्यांनाच होतं. लॅझरस मास्तरांनी बांधलेला चाबीवाला ट्विस्ट. घराची चाबी हरवली, आता रात्रभर नाचूच, असं काहीतरी हिंदीत होतं. मला वाटलं ग्रामोफोनची प्लेट निघाली असेल, दुकानात मिळेल. सीताबर्डीवर गेले. जुन्या प्लेटांच्या ढिगाऱ्यातून दुकानदारानं काढूनही दिली, वर वाजवून दाखवली. गाणं तेच. मधात एकदम सगळं थांबतं, चार ठोक्यांची जागा रिकामी जाते, मग पुन्हा सुरू. हाक-बिक काही नाही. दुकानदार म्हणे, "ही कलकत्त्याची कंपनी आहे बाई, वाजवणारे त्यांचेच." मी म्हटलं, "मंग ठेवा तुमच्यापाशीच." बिचाऱ्याचं तोंड उतरलं.

इन्स्टिट्यूटमध्ये गेले. ज्या हॉलमध्ये हे सगळं झालं तिथं आता बॅडमिंटनची जाळी होती आणि दोन पोरी खेळत होत्या. फरशी लाकडाची, अजून चकचकीत. तिथल्या कारकुनानं सांगितलं, टेपा-बिपा सगळं मास्तर घेऊन गेले, मास्तर मोहननगरात राहतात, आहेत अजून.

मास्तर होते. दात नव्हते आणि हात कापत होता, पण जयवंताचं नाव काढताच खुर्चीतून उठले. वारला म्हणून सांगितलं तर परत बसले. मग म्हणाले, "बेटी, वैसा ड्रमर फिर नहीं आया. उसके हाथ में कुछ गाँव का था. मैंने सिखाया नहीं, मैंने सिर्फ बिगाड़ा नहीं."

मी हाकेचं विचारलं. तेव्हा मला त्यांची रीत कळली. गाणं मधात थांबायचं ते त्याचसाठी. त्या चार ठोक्यांत ड्रमवाला फरशीवरच्या कोणाचं तरी नाव घेऊन हाक मारायचा, आणि ज्याला हाक मारली त्यानं मधोमध येऊन नाचायचं, मग तो कोणी का असेना. कधी एखाद्या गार्डची बायको, कधी खुद्द मोठा साहेब. लोक वाट पाहायचे, आज कोण म्हणून.

"और उस दिन," मास्तर म्हणाले, "तेरे भाई ने किसी ऐसी को बुला लिया जो थी ही नहीं. सब लोग दरवाजे की तरफ देखने लगे. बीच की जगह खाली छोड़ दी सबने, बाजू में नाचते रहे. मैं बोला, अरे, किसको बुलाया रे? हँसा सिर्फ."

"नाव काय घेतलं?"

मास्तरांनी डोळे मिटले, खूप आठवलं. "नहीं बेटी. गया."

मला काही वाटायला पाहिजे होतं तिथं. एखादीला वाटलं असतं. मी विचारलं, टेप कुठं आहे.

टेप महाल भागात होती, जुन्या नागपुरात. मास्तरांचं मशीन बिघडलं तेव्हा त्यांनी ते रीळ कॅसेट करून द्या म्हणून चंपतरावांकडे दिलं होतं, चार वर्षांपूर्वी. मग हे आजारी पडले आणि आणायचं राहून गेलं.

चंपतरावांचं दुकान म्हणजे महालातल्या गल्लीत दोन दुकानांच्या मधातली एक फट. बाहेर लाउडस्पीकरचे कर्णे टांगलेले, आत माणूस आडवा होऊनच शिरेल. गाण्यांची यादी आणि कोरी कॅसेट द्यायची, चार दिवसांनी भरून न्यायची. चंपतराव जाडजूड, पन्नाशीचे, कानावर पेन्सिल, गळ्यात हेडफोन. हेडफोन पाहून मला बरं वाटलं, आपल्यातला माणूस.

"मास्तरची टेप?" ते म्हणाले. "आहे नं. पण कोठी आहे ते पाहा लागन. गुरुवारी या." गुरुवारी म्हणाले सोमवारी या. सोमवारी एक रीळ लावलं, तर त्यात ते गाणं होतं, थांबलंही, आणि हाकही आली. पण हाक कोणा डॉलीला होती आणि आवाज मास्तरांचा होता, तरुण. ते पासष्टच्या नाताळचं निघालं, जयवंता यायच्या आधीचं, तेव्हा ड्रमवर मास्तरच बसायचे. मी म्हटलं, "चंपतराव, मी काही रिकामी नाही. तीन डाव आली. दुकान चालवता की धर्मशाळा?"

"चिडू नका ताई. शोधतो नं. दोनशे रीळं आहेत, माणूस एक आहे."

चौथ्या खेपेला, सप्टेंबरात, मी पोचले तेव्हा रीळ मशीनवर चढलेलं होतं. डब्यावर मास्तरांच्या अक्षरात तारीख, ३१ डिसेंबर १९६६. चंपतरावांनी माझ्यासाठी स्टूल पुसून ठेवला होता. चेहऱ्यावर असा आनंद की जसं काही त्यांच्याच घरचं लग्न.

"ऐका आता. मास्तरनं आणलं तेव्हा काय हालत होती म्हणून सांगू! हे खरखर, हे लोकायचं बोलणं, गिलास वाजून राहिले. सारं साफ केलं मी. हे गाणं आता अख्ख्या नागपुरात वाजते ताई. माझीच कॅसेट. कॉलेजच्या गॅदरिंगले, बारातीत, बारशाले."

त्यांनी बटन दाबलं. गिटार सुरू झाली, मग ड्रम आले. मी ओळखले. मास्तर म्हणाले होते ते गावाचं काहीतरी मला पहिल्याच ठोक्याला ऐकू आलं. आणि अजून एक कळलं. हे मी ऐकलेलं होतं. याच मे महिन्यात आमच्या गल्लीतल्या लग्नात मांडवावरच्या कर्ण्यावर हेच लागलं होतं, पोरं नाचत होती, आणि मी खिडकी लावून घेतली होती. बापानं लग्नात वाजवणं सोडलं म्हणून मी भावाला तोडलं, आणि हा मरून दोन महिने झालेले असताना आमच्याच गल्लीतल्या लग्नात वाजवून राहिला होता. हसावं का डोकं आपटावं, मला समजेना.

गाणं थांबायची जागा जवळ आली. मी दोन्ही हातांनी स्टूल धरला.

थांबलंच नाही. गिटार तशीच पुढं गेली, ड्रम तसेच पुढं गेले, गाणं सरळ चालत राहिलं आणि संपलं. प्लेटवर निदान चार ठोक्यांची रिकामी जागा तरी होती. इथं तीही नव्हती.

"हाक कुठं आहे?" मी विचारलं.

"हौ, ते होतं मधात," चंपतराव म्हणाले. "गाणं थांबत होतं अन् एक जण कोण्या पोरीले हाक मारून राहिला होता. काढून टाकलं. आता पाहा, दुसऱ्याच्या लग्नात भलत्याच पोरीचं नाव कशाले? गिऱ्हाइकं कटकट करत. अन् लोक नाचून राहिले अन् गाणं मधातच थांबलं तर मजा जाते नं. म्हणून तेवढी जागाच कापली. कॅसेटवर बटन दाबून काढलं असतं तं खट्ट आवाज येतो, म्हणून रीळच कापलं ब्लेडनं, तिरपं, अन् जोडलं. सांगा, जोड ऐकू आला का तुम्हाले?"

नव्हता आला. वीस वर्षांचे कान माझे, आणि जोड ऐकू आला नव्हता.

"तो कापलेला तुकडा?"

"तो?" ते म्हणाले. "अहो, चार वर्षं झाली. झाडून फेकला असन."

मग मात्र मी उठले आणि मला जे जे येतं ते सगळं त्या माणसाला बोलले. कोणाला विचारून कापलं, तुमच्या बापाची टेप होती का, हात झडत नाहीत का असं करताना, साफ करायला सांगितलं होतं कोणी, मोठे आले साफ करणारे! बाजूच्या दुकानातला माणूस डोकावून गेला. एक पोरगी यादी घेऊन आली होती, तिला मी हाकलून दिलं. चंपतराव खाली मान घालून ऐकत होते. शेवटी हळूच म्हणाले, "कोन होता तो, ताई?"

"माझा भाऊ. मार्चमध्ये वारला. त्याचा आवाज मले आठवून नाही राहिला. दुसरीकडं कोठी नाही तो आवाज. एवढाच होता."

त्यांनी गळ्यातला हेडफोन काढून टेबलावर ठेवला. त्यांची काही चूक नव्हती, हे मला तेव्हाही कळत होतं. त्या माणसानं जीव लावून काम केलं होतं. मी परत स्टुलावर बसले. आत पुन्हा सगळं सुन्न झालं, मार्चपासून होतं तसंच, आणि मला वाटलं, झालं, आता असंच राहणार, आई म्हणते तशी दगड होऊनच मी मरणार.

मग माझ्यातली ऑपरेटर बोलली. मी म्हटलं, "कापायची जागा कशी शोधली तुम्ही?"

"हातानं," ते म्हणाले. "मशीन बंद ठेवून रीळ हातानं मागं-पुढं फिरवा लागते. आवाज कोठी सुरू होते, कोठी संपते, ते पक्कं पाहिल्याबिगर ब्लेड नाही लावत मी."

"किती डाव फिरवलं?"

"असन चाळीस-पन्नास डाव. हळू फिरवलं, जोरानं फिरवलं. घरी जाऊन जेवताना बी तेच कानात. बायको म्हणे, काय गुणगुणून राहिले?"

"म्हणजे आवाज तुमच्या कानात आहे."

त्यांनी कानावरची पेन्सिल काढली आणि परत खोवली.

"म्हणून दाखवा," मी म्हटलं.

"मी? नाही नाही ताई. मले गाता नाही येत."

"गायचं नाही. हाक मारायची. जशी ऐकली तशी. त्यानं मारली, तुम्ही ऐकली, मले द्या. मधात बसणाऱ्याचं कामच असते ते."

ते लाजले. एवढा मोठा माणूस, कानाच्या पाळ्या लाल झाल्या. उठून त्यांनी दार ओढून घेतलं. रीळ मागं नेलं, हेडफोन कानाला लावून जोडाची जागा शोधली, त्यावर पेन्सिलीनं खूण केली आणि म्हणाले, "तिथं आलं की मी मशीन थांबवतो." पुन्हा गाणं लावलं. गिटार आली. जयवंता आला. मी पाहत होते ती खूण फिरत फिरत जवळ आली, आणि चंपतरावांनी बटन दाबलं. दुकान एकदम गप्प झालं. त्यांनी डोळे मिटले, हनुवटी वर केली, आणि हाक मारली.

"ए पमेऽऽ! ये नं वं!"

मी "ओ" दिली.

देईन असं ठरवलं नव्हतं. तोंडातून निघाली, स्वयंपाकघरातून देतात तशी. पमे मला आई म्हणत नाही, बाप म्हणत नव्हता, जगात कोणी म्हणत नाही. एकटा जयवंता म्हणायचा, तेही तो खुशीत असला तरच, पहिलं अक्षर दाबून आणि शेवटचं लांबवून. ते लांबवणं चंपतरावांना कसं माहीत असणार? पण होतं. चाळीस-पन्नास वेळा ऐकून त्यांच्या गळ्यात बसलं होतं. तो आवाज जयवंताचा होता. मी शपथेवर सांगते. मला माझ्या भावाची आठवण आली, सहा महिन्यांत पहिल्यांदा, आणि छातीत इतकं दुखलं की मी वाकले.

"अजून एकदा," मी म्हटलं.

चंपतरावांनी पुन्हा हाक मारली. या वेळी नीट, मोठ्यानं, अगदी मनापासून मारली. पण आता तो चंपतरावांचाच आवाज होता, जाड, तंबाखूचा. त्यांनाही ते कळलं. ते तिसऱ्यांदा तोंड उघडायला लागले तेव्हा मी हातानं नको म्हटलं.

बाहेर कोणीतरी दार वाजवत होतं. चंपतरावांनी तिकडं लक्ष दिलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि भीत भीत विचारलं, "ती पमी म्हणजे तुम्हीच का?"

"हौ," मी म्हटलं. "मीच. त्या दिवशी गेली नाही मी."